भागोजीची चाल

खारशेतच्या बौद्धवाडीत गाणं म्हटलं की महिपत गुरुजींचंच नाव निघायचं. बोर्ली पंचतनपासून म्हसळ्यापर्यंत त्यांची गायन पार्टी तीस वर्षं फिरली. एरवी शाळेत पाढे शिकवायचे आणि जयंतीच्या दिवसांत पेटी घेऊन गावोगाव बुद्धाची, भीमाची गाणी गायचे. बरीचशी गाणी स्वतःच बांधलेली. दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण तिच्याबरोबर आवाजही गेला. आता साधं बोलले तरी पत्र्यावर रेती सांडल्यासारखं ऐकू यायचं. पेटी कपाटावर चढली ती चढलीच.

आपल्या घरात आपल्याआधी कुणी गाण्यातलं नव्हतं, असं ते लोकांना सांगत. ते खरं नव्हतं. त्यांचे वडील भागोजी सनई वाजवायचे.

वरच्या वाडीतली लग्नं असोत की शिमग्यातली देवीची पालखी, पुढे भागोजीची सनई आणि त्याच्या दोन भावांचे ढोल नि टिमकी. भागोजीने पहिला सूर लावल्याशिवाय पालखी उचलायची नाही, अशी रीत होती. पण देवळाची पायरी चढायची नाही, अशीही रीत होती. लग्नात तीन-तीन दिवस वाजवायचं आणि मांडवाबाहेर बसून, लांबून पडलेलं अन्न खायचं. धर्मांतर झालं, त्याच्या पुढच्या वर्षी वाडीने बैठक घेतली. मेलेली गुरं ओढायची नाहीत, उष्टं आणायचं नाही, कुणाच्या दारात बाजा वाजवायचा नाही. बैठक संपायच्या आत भागोजी उठला, घरातून सनई घेतली आणि भरतीच्या पाण्यात खाडीत भिरकावून आला. तेव्हा त्याचं वय सत्तावीस.

महिपत जन्मला त्यानंतर वर्षाने. बापाच्या हातात सनई त्याने कधी पाहिली नाही. पाहिली ती फक्त बोटं. कुडाला टेकून भागोजी बसला की मांडीवर त्याची बोटं आपोआप उठायची, पडायची. अनामिका जरा थरथरायची, मग सगळी एकदम थांबायची. लहानग्या महिपतने एकदा विचारलं, "बाबा, काय मोजताव?"

भागोजीने मूठ मिटली. "काय न्हाय."

पुढे मुलगा गायला लागला, लोक त्याला नारळ-शाल द्यायला लागले, तेव्हा भागोजी कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसायचा. कधी सूर चुकला तर त्याची मान किंचित हलायची. एवढंच. गाण्याविषयी बापलेकांत कधी बोलणं झालं नाही. एक्याण्णव साली भागोजी गेला.

गेल्या डिसेंबरात गुरुजींची नात मैत्री माणगावच्या कॉलेजातून घरी आली ती एक काम घेऊन. वर्गाला प्रकल्प मिळाला होता: जगभरची माणसं आपल्या संगीतातून आपली ओळख कशी जपतात. प्रत्येकाने आपल्या घरातलं, पिढ्यांपासून आलेलं एक गाणं किंवा चाल आणायची होती. मुरुडच्या एका मुलीने नानीचं हळदीचं गाणं आणलं होतं, कुणी कोळीवाड्यातलं.

"माझी गाणी आहेत की. घे त्यातलं एखादं," गुरुजी म्हणाले.

"ती तुमची आहेत, आजोबा. त्याच्याही मागचं पाहिजे. पणजोबा काय वाजवायचे?"

"सोडलं त्यांनी ते."

"सोडलं, पण चाल तर असेल ना कुणाला ठाऊक?"

"ठाऊक राहू नये म्हणूनच सोडलं," गुरुजी जरा रागानेच म्हणाले, आणि बोलणं तिथेच संपलं.

पण त्यांच्या डोक्यातून ते जाईना. इतरांच्या घरात नानीचं गाणं निघतं, पणजीची ओवी निघते. आपल्या घरात उकरायला गेलं की निघतं ते मांडवाबाहेरचं पान. मग ती चाल आपली म्हणायची की त्यांची? चार दिवस त्यांनी स्वतःशीच वाद घातला आणि पाचव्या दिवशी, घरात कुणाला न सांगता, वरच्या वाडीची वाट धरली.

तिथे मोरू म्हणून शहाऐंशी वर्षांचा म्हातारा होता. भागोजीच्या सनईमागे पळालेल्या पोरांपैकी गावात उरलेला तेवढाच. ओटीवर उन्हाला बसला होता.

"कोण? भाग्याचा पोरगा ना तू? ये ये, वर ये. आता काय कोण कुणाला भाईर बसवतो!"

सुनेने चांगल्या कपात चहा आणला. 'भाग्या' हा शब्द गुरुजींच्या कानात टोचला, पण त्यांनी कप उचलला. कशाला आलो ते सांगितल्यावर म्हातारा खुलला.

"आरं, काय वाजवायचा भाग्या! मी धा-अकरा वर्षांचा आसन. आत्याच्या लग्नात तीन दिस वाजवलंन त्यानं. आयनं त्याच्या पानात येवढा भाताचा गोळा टाकला, लांबूनशान. हसला तो. लय गरीब माणूस. कदी तोंड वर करून बोलला न्हाय."

मोरूच्या सांगण्यात वाईट काही नव्हतं. माया होती. गुरुजींना ती मायाच सोसेना. त्यांनी चहा खाली ठेवला. "आणि चाल? पालखीपुढची?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि गुणगुणायला लागला. दात नव्हते, पण सूर पक्का होता. आधी एकच सूर लांब धरलेला. मग तो खाली उतरायला लागला आणि उतरता उतरता एका जागी थबकला, जसं कुणी उंबऱ्याशी येऊन थांबावं. थोडा थरथरला. मग आत न जाता बाजूने वळसा घालून खाली आला. बापाची बोटं मांडीवर जिथे थांबायची, अनामिका जिथे थरथरायची, ती जागा हीच. शंका घ्यायला जागाच नव्हती.

"हीच," ते म्हणाले.

"हीच तर," म्हातारा म्हणाला.

घरी येऊन त्यांनी पेटी काढली नाही. माणगावला परतलेल्या मैत्रीला फोनही केला नाही. बापाने स्वतःच्या हाताने बुडवलेलं आपण वर काढायचं का? ज्याने सत्तावीस वर्षांचं असताना आपली कला फेकून दिली, त्याला काय कळत नव्हतं? आणि दुसरीकडे वाटायचं, एवढी सुंदर गोष्ट माझ्या बापाची होती आणि ती त्या ओटीवर पडून आहे. चाल मनात यायला लागली की ते उठून दुसऱ्या कामाला लागत. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी त्यांनी पेटी खाली काढली. लांब सूर बरोबर लागला. तो खाली उतरला, थबकला. पुढे बोटं गेली ती त्यांच्याच एका जुन्या गाण्यावर. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. तीस वर्षं एका वाटेने गेलेली बोटं दुसरी वाट धरेनात. गुणगुणून बघावं तर घशातून नुसती हवा. दुपारपर्यंत तो थबकण्याचा सूरही नक्की कुठला होता, ते त्यांना सांगता येईना. त्यांनी घाईघाईने मैत्रीला फोन लावला.

रविवारी दोघं वर गेली तेव्हा मोरू अंथरुणाला लागलेला होता. आठवडाभर ताप होता. त्याने गुरुजींना ओळखलं, मैत्रीला जवळ बसवलं आणि तिने मोबाईल पुढे धरताच गायलाही लागला. पण ती चाल नव्हती. गुरुजींनी मान हलवली. त्याने दुसरी सुरू केली, ती आरती निघाली. तिसरी कुठल्याशा जुन्या रेडिओवरच्या गाण्यासारखी होती. चौथी अर्ध्यात तुटली. प्रत्येक वेळी तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "हीच. हीच भाग्याची."

"मोरूभाऊ, मध्ये थांबायची ना ती? उतरताना?"

"कशाला थांबंल? पालखी चालायला नको?"

बाहेर आल्यावर मैत्रीने विचारलं, "आजोबा, यातली कुठली?"

"यातली एकही न्हाय."

"मग ती कशी होती? थोडी तरी म्हणून दाखवा."

गुरुजींनी तोंड उघडलं. घोगरा श्वास बाहेर आला. ते वळून चालायला लागले.

सोमवारी प्रकल्प द्यायचा होता. मैत्रीने तिसरी चाल घेतली, कारण तिच्यात मागे कुत्र्याचं भुंकणं नव्हतं. "जवळपास तरी असेल ना, आजोबा?" तिने फोनवर विचारलं. नाही म्हणायला हवं होतं. पण पणजोबाविषयी तिने काय काय लिहिलं होतं ते ती वाचून दाखवत होती, आणि इतक्या अभिमानाने भागोजीचं नाव त्या घरात आजवर कुणी घेतलं नव्हतं. "असेल," ते म्हणाले.

कॉलेजात कौतुक झालं. मैत्रीने तो तुकडा भागोजीच्या फोटोसकट मोबाईलवर टाकला आणि तो गावभर फिरला. जानेवारीच्या शेवटी मोरू गेला. फेब्रुवारीत त्याचा नातू गणराज, पालखीच्या कमिटीतला, गुरुजींच्या अंगणात येऊन उभा राहिला. पोरगा नम्र होता.

"गुरुजी, यंदा पालखीपुढे तुमच्या घरची चाल पाहिजे. सनईवाला आम्ही माणगावाहून आणू. तुम्ही फक्त पुढे चाला. तुमचा मान आहे तो."

"मान?" गुरुजी म्हणाले. "बाळा, तो मान माझ्या बापाने खाडीत टाकला."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता आपण सगळे एकच ना?"

"न्हाय. मी येणार न्हाय. ती चालही वाजवू नका."

गणराज हात जोडून गेला. पण तो येऊन गेल्याचं वाडीत लगेच कळलं. संध्याकाळी विहार कमिटीचा विनेश चार जणांना घेऊन आला. हा गुरुजींचाच विद्यार्थी, त्यांच्या पार्टीत ढोलकी वाजवलेला.

"गुरुजी, तुम्ही त्यांच्या ओटीवर गेलात, चहा घेतलात, भागोजीआजोबांची सनई मागायला?"

"चाल ऐकायला गेलो होतो."

"आपल्या म्हाताऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन जे सोडलं, ते तुम्ही उचलून त्यांच्या हातात दिलंत. आता उद्या ते ढोलही मागतील."

"मी नाही म्हणून सांगितलंय, विनेश."

"सांगितलंत हो. पण दार कुणी उघडलं?"

गणराज काय की विनेश काय, खोटं ठरवावं असं कुणीच काही बोललं नव्हतं.

शिमग्यात तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, पालखी खालच्या रस्त्याने आली. पुढे टेम्पो, त्यावर स्पीकरचे मोठाले बॉक्स. बँडवाल्याकडून सनईवर वाजवून घेतलेली तीच तिसरी चाल त्यातून वाजत होती, खाली दणदणीत ठेका घातलेला. टेम्पोला फलक लावलेला: 'आमच्या गावची परंपरा, भाग्याची सनई.' बौद्धवाडीच्या फाट्याशी, गुरुजींच्या घरासमोर, गणराजने पालखी थांबवायला लावली. त्याला तो आदरच वाटत होता. पोरं नाचली, गुलाल उडाला, कुणीतरी माइकवर भाग्याचा जयजयकार केला. गुरुजी दारात उभे होते. नाव बापाचं, सूर कुणा परक्याचा, आणि खरा सूर काय होता ते सांगू शकेल असा माणूस आता पृथ्वीवर नव्हता. त्यांना स्वतःलाही ते सांगता येत नव्हतं.

वाडीतली बाकीची दारं बंद होती.

चार वाजता मैत्रीचा फोन आला. गणराजने तिला व्हिडिओ पाठवला होता.

"आजोबा, ऐकलंत? पणजोबांची चाल! इतक्या वर्षांनी!"

"ऐकली."

"रडताय का?"

"घसा," ते म्हणाले. "घसा धरलाय जरा."

पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना विनेशने घेतली. इतकी वर्षं ती गुरुजी घेत. कुणी त्यांना येऊ नका म्हणालं नाही, पुढे बसा असंही म्हणालं नाही. ते मागच्या रांगेत बसले, सगळ्यांबरोबर ओठ हलवले, आणि खीर वाटायच्या आधीच उठून घरी आले.