पुलावरचा बोजारा

तान्हा पोळा जवळ आला आणि बाजारात लाकडी नंद्यांच्या ताज्या रंगाचा वास सुटला, की मला पवनारचा पूल आठवतो. मी एकोणीस वर्षांचा होतो, बाबांची राजदूत नुकतीच हातात आली होती आणि मागच्या सीटवर सुतळीनं बांधलेला नंदी होता. भाच्याचा तो पहिलाच तान्हा पोळा; पोरं आपापले नंदी घेऊन घरोघरी बोजाऱ्याचे पैसे मागायला निघायच्या आत वर्ध्याला पोचायचं म्हणून मी पुलावरही गाडी सुसाट काढली. पलीकडे हवालदारानं हात केला. "काऊन रे, विमान चालवून राह्यला का?" मी नंदी दाखवला, भाच्याचं सांगितलं, गयावया केली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे दंडाची पावती फाडली. पैसे देताना मी रागानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. किक मारणार, तेवढ्यात तो म्हणाला, "थांब." त्यानं टोपी काढली, नंदीच्या कपाळाला हात लावला आणि एक रुपया माझ्या तळहातावर ठेवला. "दंड सरकारचा होता. नंदी समोर आला, तर बोजारा द्याच लागते. पोराले देजो." मग नदीकडे बघत हळूच म्हणाला, "माहा पोट्टाबी आज गावात नंदी घेऊन फिरून राह्यला असंन." उरलेला रस्ता मी सावकाश आलो. भाच्याला मात्र मी माझ्याच खिशातला रुपया दिला. हवालदाराचा काही हातून सुटला नाही. तो अजून माझ्याकडे आहे.