साळवे मास्तरांचे बाप

साळवे मास्तर मेलेल्या माणसांवर रुसायचे. सकाळी मी भाकरी थापायला गेले की म्हणायचे, "बाई, आज मी त्याच्याशी बोलत नाही." तो म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी वारलेला कुणीतरी बिशप.

मास्तर मूळचे शिरूरचे, दौंडला रेल्वेच्या शाळेतून रिटायर झालेले, एकटे. सत्तर सालानंतर काही वर्षं मी त्यांचा स्वयंपाक केला. ख्रिस्ती धर्मातल्या जुन्या गुरूंना 'मंडळीचे बाप' म्हणतात. त्यांची पत्रं मास्तर इंग्रजीतून मराठीत आणत. मी जयभीमवाली, मला त्यातलं काय ठाऊक. एकदा विचारलं, "ह्या बापांना पोरं किती?"

"बहुतेकांनी लग्नच केलं नव्हतं."

"मग बाप कसलं?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि चहा मागितला.

एक तरी पत्र रविवारी चर्चमध्ये वाचलं जावं, एवढाच त्यांचा ध्यास होता. चर्चचे पंच म्हणायचे, लोकांना कळत नाही. खरंच कळत नव्हतं. मग मास्तर मला समोर बसवून वाचू लागले. मी चौथी पास. मला कळलं नाही की "बाप नापास" म्हणायचे आणि कागद फाडायचे.

एक वाक्य होतं, "अग्रस्थानाची अभिलाषा धरणारे दीनांस स्थान देत नाहीत."

"न्हाई कळलं."

"पुढं बसायची हाव असते, पण गरिबाला जागा देत नाहीत."

"मग तसं लिवा की. पुढं बसायला हपापल्यात, आन् गरीब आला की मांडी पसरत्यात."

त्यांनी 'हपापलेले' आणि 'मांडी' दोन्ही ठेवलं.

महिनाभर खेटे घातल्यावर पंचांनी होकार दिला. रविवारी मास्तरांनी पत्र वाचलं. दुपारी मी ताट वाढत होते, तेवढ्यात पंचांमधले थोरले लोंढेआप्पा दारात उभे.

"मास्तर, चारचौघांत माझी अब्रू काढलीत."

"आप्पा, ते पत्र दीड हजार वर्षांपूर्वीचं आहे."

"आसंल. मग त्याला माझा बाक कुणी दावला?"

आप्पांनी तिथंच बजावलं, यापुढं एक पान वाचायचं नाही. मास्तर वारले तोवर कुणी वाचूही दिलं नाही.

मला वाटलं, आता हा माणूस उपाशी उठणार. पण आप्पांची पाठ वळल्यावर ते ताटावर बसले, नेहमी दोन खायचे तिथं तिसरी भाकरी मागितली आणि म्हणाले, "बाई, त्याला कळलं."