टाचा जमिनीवर

"थांब. मागं घे. आता पाय बघ." लॅपटॉपसमोर बसून सर हे स्वतःलाच सांगायचे, आणि एसटी थांबवावी तसं एक बोट उभं धरायचे.

सावेडीतल्या त्यांच्या फ्लॅटवर मी सहा वर्षं स्वयंपाक केला. सर टेनिस शिकवायचे, पण मैदानावर जात नसत. गुडघे गेले होते. लांबलांबची मुलं आपल्या खेळाचे व्हिडिओ पाठवायची. सर ते हळू करून पुन्हा पुन्हा बघायचे आणि प्रत्येकासाठी आठवड्याचा वेगळा कागद करायचे. कोणी किती पळायचं, कोणी हात कसा फिरवायचा, सगळं त्यावर. कागदाचा फोटो जायचा, पुढच्या रविवारी नवा व्हिडिओ यायचा. घरात मात्र कोणी येत नसे. दिवसभर पोरांचे आवाज, आणि ताट एकच.

तुम्ही त्यांना भाजीच्या गाडीवर पाहिलं असतं, तर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांकडं बघत उभा असलेला एक म्हातारा माणूस, एवढंच दिसलं असतं. व्हिडिओतही चेंडू कुठं गेला ते त्यांना ठाऊक नसायचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "चेंडू नशिबानंही आत पडतो, ताई. पाय बघितले की खरं कळतं."

जामखेडची एक मुलगी गोदामामागच्या सिमेंटवर खेळायची. दोन आठवडे तिचं काही जमेना. सरांनी व्हिडिओ तिसऱ्यांदा थांबवला आणि फोन करून तिला आधी बुटाचा नंबर विचारला. बूट मोठ्या बहिणीचे निघाले. त्या दिवशी सर इतके खूश, की जेवताना चमच्यानंच फटका मारून दाखवला. आमटी भिंतीवर. मी पुसली, पण डाग पुरता गेला नाही.

माझा उजवा खांदा तेव्हा आखडत चालला होता. हात वर जात नव्हता. मी कोणाला सांगितलं नव्हतं. आणखी दोन घरची कामं होती, आणि हात चालत नाही असं कळलं की लोक दुसरी बाई बघतात. वरच्या फळीवरचा डबा मी डाव्या हातानं, टाचा उचलून काढायचे.

एक दिवस मागून आवाज आला. "ताई, उजवा हात कुठं ठेवलाय?"

"हाय की, सर. काय झालं न्हाई त्याला."

"मग टाचा खाली ठेवून त्या हातानं डबा काढा बरं."

मला काढता आला नाही. मी तोंडाला पदर लावला. सरांनी जास्त विचारलं नाही, आधी डॉक्टरकडं पाठवलं. डॉक्टर म्हणाले, खांदा धरलाय, व्यायामानं सुटेल. मग सरांनी माझाही कागद केला. वार, व्यायाम, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. मी चौथी शिकलेली म्हणून अक्षर मोठं काढलं. खाली लिहिलं, दंड कानाला लागला पाहिजे.

रविवारी व्हिडिओ काढायचा म्हणून मी काठपदराची साडी नेसून, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन गेले. सर बघतच राहिले. म्हणाले, "ताई, मला खांदा बघायचाय. लग्न जमवायचं नाही." मी हसले, आणि लाज थोडी कमी झाली.

पावसाळ्याआधी सर घरात पडले. मुलगी येऊन त्यांना बंगळुरूला घेऊन गेली. निघताना माझ्याकडं न बघता कडक आवाजात म्हणाले, "बाकीची पोरं लांबूनच शिकतात. तुम्हीही शिका. रविवार चुकवायचा नाही."

नाही चुकवला. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून मी भिंतीवर बोटं चढवायचे आणि व्हिडिओ पाठवायचे. तासाभरात त्यांचा आवाज यायचा, तो ऐकून मी शेरा लिहून घ्यायचे. एकदा एवढंच आलं, "इथं सगळे आपापल्या वेळेला जेवतात. आमटी पातळ असते." ते मी शेऱ्यात लिहिलं नाही.

दिवाळीनंतर एका रविवारी उत्तर आलं नाही. पुढच्याही. मग त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबा गेले, म्हणाली. तुमचा शेवटचा व्हिडिओ त्यांनी बघितला होता, असंही म्हणाली. काय बोलले, ते मी विचारलं नाही. अशा वेळी असं कसं विचारायचं?

कागद मात्र सोडला नाही. एका रविवारी दंड कानाला लागला. आनंदानं मोबाईल हातात घेतला, आणि मग आठवलं. व्हिडिओ लावला. मग मीच बोट उभं धरलं. थांबवलं, मागं घेतलं, पाय बघितले. टाचा उचललेल्या होत्या.

आणखी पाच रविवार गेले. सहाव्याला टाचा जमिनीवर होत्या आणि दंड कानाला होता. दोन्ही घरची कामं टिकली. वरचा डबा आता मी उजव्या हातानं काढते, हात आखडला होता हे तिथं कोणाला माहीत नाही.

त्या दिवशी कागदावर मी वार लिहिला, व्यायाम लिहिला. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.