वसुधा यानाचा चोपन्नावा अंक

भिकन पगारे अवकाशातही उत्तर दिशा दाखवतात. त्यांच्या चित्रकथेच्या प्रत्येक पानावर, वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बाण असतो आणि बाणाच्या टोकाशी ‘उ’. यान गुरूपाशी असो की शनीच्या कड्यांत, बाण चुकत नाही. मी एकदा विचारलं, “पगारेभाऊ, तिथं कुठली हो उत्तर?”

“बाणाशिवाय नकाशा बाहेर पडला तर साहेब अंगावर फेकायचे. हाताला सवय आहे.”

पाटबंधारे खात्याच्या नाशिकच्या कचेरीत ते चौतीस वर्षं ट्रेसर होते. धरणांचे, कालव्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं गिरवायचं काम. आमच्या कॉलनीत त्यांचं घर माझ्या समोरच, त्यामुळे यानाची सुरुवात मी डोळ्यांनी पाहिली आहे.

अठ्ठ्याण्णव साली टीव्हीवर ‘वसुधा’ नावाची मालिका लागायची. दर रविवारी संध्याकाळी. परतीची वाट चुकलेलं यान, त्यात सहा माणसं आणि त्यांची प्रमुख रेवती. यानाचं दार फ्रिजचं होतं हे सगळ्यांना दिसत होतं, तरी आमच्या घरांच्या ओळीतली पंधरावीस माणसं पगाऱ्यांच्या खोलीत श्वास रोखून बसायची. एका रविवारी रेवती हातात पाना घेऊन, दोरीला लटकून, इंधनाची गळती बंद करायला यानाबाहेर पडली आणि कॉलनीची वीज गेली. पुढच्या रविवारी त्या वेळेला दातांच्या आरोग्याचा कार्यक्रम लागला. जाहिराती मिळेनात म्हणून मालिका बंद केली, असं पेपरात दोन ओळींत आलं.

“म्हणजे बाईला लटकलेलीच ठेवली?” पगारेभाऊ कॉलनीत ज्याला त्याला विचारत फिरले. मग साहेबांना सांगून त्यांनी कचेरीतले बाद झालेले नकाशे आणले. पुढून ‘रद्द’चा लाल शिक्का, मागून कोरे. त्या कोऱ्या पाठीवर चौकटी आखल्या आणि रेवतीला त्यांनी स्वतःच यानात ओढून घेतलं. तो पहिला अंक.

तेव्हापासून वर्षाला दोन. प्रत्येक अंक कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या वाचनकपाटात दोरीला लटकतो. पान उजेडाकडे धरलं की शनीच्या मागून एखाद्या धरणाची भिंत दिसते. केरू गांगुर्डे, छापखान्यातून निवृत्त झालेले, पहिले वाचक आणि पहिले तक्रारदार. “पगारे, तीन वर्षं झाली, यान गुरूलाच घिरट्या घालतंय. माझ्या हयातीत पोचव की घरी!”

पण खरी नजर सुमनताईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची. त्या अंगणवाडीत होत्या. चित्रातलं कळत नाही म्हणायच्या आणि ताट वाढता वाढता विचारायच्या, “अहो, सहा माणसं इतकी वर्षं नुसत्या गोळ्या खाऊन राहिली?” पाचव्या अंकात यानात स्वयंपाकघर आलं आणि खिडकीत मेथी. “दोन बायका आहेत तुमच्या यानात आणि संडासाला दार नाही.” सहाव्यात दार आलं, आतून कडीसकट.

शेवटच्या पानावर खाली नकाशासारख्या दोन चौकटी असायच्या. ‘आखले’च्या चौकटीत ‘भि. पगारे’. ‘तपासले’ची कोरी. “तपासायला साहेब कुठून आणू?” म्हणायचे.

यंदा त्यांचा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण सरळ रेघ आता तीन दमांत ओढावी लागते. म्हणून त्यांनी ठरवलं, चोपन्नाव्या अंकात यान घरी उतरवायचं. आठ पानं उरली होती, तेव्हा एका दुपारी सुमनताई फोन घेऊन माझ्याकडे आल्या. चेहरा उतरलेला.

“तेजलनं पाठवलंय.” तेजल त्यांची मुलगी, पुण्याला असते. तिचा निरोप वाचून दाखवला: “आई, वीज गेली म्हणून बाबांचा बघायचा राहिलेला ‘वसुधा’चा भाग सापडला! कोणीतरी सगळे भाग नेटवर टाकलेत. मी बघितलं नाही, आधी त्यांनीच बघायचं. वाढदिवसाला दाखव.”

“मग चांगलंच आहे की,” मी म्हणाले.

“कशाचं चांगलं! मी बघितलंय ते. तेव्हाच.” त्या पलंगावर टेकल्या. “भावजयीच्या बाळंतपणाला मी देवळाली कॅम्पला होते ना. तिकडं वीज होती. ती बाई पाना लावते, फुलबाजीसारखा जाळ होतो आणि यान फुटतं. खाली पाटी, विज्ञानासाठी बलिदान. दोन मिनिटांत सहा माणसं संपवली मेल्यांनी.”

“आणि तुम्ही सांगितलं नाही?”

“घरी आले तर हे पट्टी घेऊन बसलेले. म्हणाले, सुमन, तिला आत घ्यायची युक्ती सापडली. काय सांगू? म्हटलं, तिकडंही वीज गेलेली.” त्यांनी फोन पालथा ठेवला. “खोटं काढायचे नाहीत हो ते. कालव्याचं वळण अर्ध्या फुटानं चुकलं तर दोन दिवस जेवले नव्हते. हे बघितलं तर पेन ठेवतील. सत्तावीस वर्षं मेलेल्या माणसांना मेथी खाऊ घातली, म्हणतील.”

“मग नका दाखवू.”

“तेजल विचारणारच. आणि मलाही आता झाकवत नाही. तुम्ही या त्या दिवशी, बसा नुसत्या.”

वाढदिवसाला मी गेले. खीर झाली. सुमनताईंनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून लावला आणि स्वतः दाराशी उभ्या राहिल्या. पगारेभाऊंनी पाहिलं. परत लावायला सांगितलं. परत पाहिलं. मग वळून बायकोचा चेहरा पाहिला.

“देवळालीची वीज गेली नव्हती तर.”

“नव्हती.”

“तुला माहीत होतं.”

“हो.”

ते उठून टेबलाशी गेले. पेनांचा डबा हातात घेतला, झाकण लावलं. सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं.

“गळती पुढच्या टाकीला,” ते एकदम म्हणाले, “आणि स्फोट मागून? कोणी तपासलं होतं का हे?”

“तपासायला वेळ कुठं होता त्यांना! गुंडाळायचं होतं,” सुमनताई म्हणाल्या.

“घाईत केलेला नकाशा आहे. असा नकाशा बाद करतात.” झाकण उघडलं. चोपन्नाव्या अंकाचं शेवटचं पान घेऊन, खालच्या बाजूला, थरथरत्या अक्षरात त्यांनी तेच लिहिलं जे कचेरीत सुधारलेल्या प्रत्येक नकाशावर लिहीत आले होते: ‘पूर्वीचा नकाशा रद्द. हाच ग्राह्य धरावा.’ मग पेन बायकोपुढे केलं. “तपासलेवर सही कर.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“संडासाला दार कोणी लावायला लावलं?”

सुमनताईंनी पदराला हात पुसले, पण पेन घेतलं नाही. “आधी आठ पानं पुरी करा. अर्धवट कागदावर मी सही करत नसते.”

“बघा,” ते मला म्हणाले, “साहेब मिळाला.”

आठ पानांना दोन महिने लागले. अंक आता विहाराच्या कपाटात आहे. त्यातल्या रेघा थोड्या हलतात, त्यामुळे यान उतरताना खरंच थडथडतंय असं वाटतं. केरूभाऊ म्हणाले, आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं चित्र. ‘तपासले’च्या चौकटीत ‘सुमन भिकन पगारे’ असं पूर्ण नाव आहे. शेवटची दोन अक्षरं रेघेबाहेर गेली आहेत, आणि पगारेभाऊंनी ती तशीच ठेवली आहेत.