रिकाम्या तिवईचे मास्तर

धार संस्थानात त्या काळी डोळ्यांना न दिसणारी वस्तू नीट न्याहाळून पाहणारा एकच मनुष्य होता, आणि तो आमचा ड्रॉइंगमास्तर होता. दिसणाऱ्या वस्तूंकडे मात्र त्यांचं मुळीच लक्ष नसे. पगडीची मागची बाजू पुढे घालून ते शाळेत येत, भर बाजारात बैलाला आदळत आणि बैलाची माफी मागून पुढे जात. आमच्या ठेंगण्या हेडमास्तरांना त्यांनी एकदा "बाळ, कोणत्या वर्गात तू?" असं विचारलं होतं. मनुष्य स्वभावानं इतका गरीब की हेडमास्तरांनाही रागावता आलं नाही.

प्लेगाची साथ ओसरल्यावर ते देवासहून आमच्याकडे आले. बरोबर मास्तरीणबाई, थोड्या ट्रंका आणि एक लहानशी लाकडी तिवई, लेकराला बसता येईल एवढी. बाकीचं सामान मागून बैलगाडीनं आलं. तिवई तेवढी मास्तरांनी टांग्यात शेजारी ठेवली होती. टांगेवाला पुढे कितीतरी दिवस गावभर आपल्या माळवी ढंगात सांगत फिरे, "खड्डा आला की मास्तरसाब तिच्यापुढे हात आडवा धरायचे, भिया. जसं कोणी पडेल." लोक हसत. मास्तर दिसले की मात्र हसू आपोआप थांबे, का ते कुणाला सांगता येत नसे.

मास्तरांनी आम्हां शाळकरी पोरांचं एक चित्रमंडळ काढलं होतं. रविवारी सकाळी तळ्याकाठच्या धर्मशाळेच्या ओसरीत ते भरे. मंडळाची वर्गणी म्हणजे घरून आणलेला कणकेचा गोळा. चिंचेच्या काड्या मडक्यात कोंडून भाजायच्या, त्या कोळशानं चित्र काढायचं आणि चुकलेलं कणकेनं टिपून काढायचं, ही मास्तरांची रीत. माझ्या आईनं एकदा सणाची तेल घातलेली कणीक दिली, तर सबंध मंडळाची चित्रं पापडासारखी तेलकट झाली. मंडळ सुटलं की काळीठिक्कर कणीक तळ्यातल्या माशांना टाकायची. त्या माशांच्या पोटात आम्ही काढलेली किती नाकं आणि किती हनुवट्या गेल्या असतील, देव जाणे.

कारण मास्तर आमच्या कागदावर कधी एक रेघ काढत नसत. ते फक्त पुसत. आणि पुसायचे ते ओसरीच्या मधोमध ठेवलेल्या त्या रिकाम्या तिवईकडे बघून. पहिल्याच रविवारी तिवई मांडून ते म्हणाले की इथं जे बसलं आहे ते काढा, आणि स्वतः खांबाला टेकून उभे राहिले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी आमचा हलवाई काढला, कुणी मारुती काढला, एकानं शहाणपणा करून नुसती तिवई काढली. मास्तर सगळ्यांमागून फिरले. हलवायाच्या मिशा पुसल्या, मारुतीचं तोंड पुसलं. नुसत्या तिवईच्या चित्रापाशी आले तेव्हा मात्र त्यांचा चेहरा असा झाला की त्या पोरानं पुन्हा शहाणपणा केला नाही.

हे असं आठवड्यांमागून आठवडे चाललं. नाक असं नाही, पुसलं. कपाळ एवढं मोठं नाही, पुसलं. अधूनमधून ते तिवईकडे पाहून हळूच म्हणत, "हलू नकोस ना, पोरी." स्वर रागाचा नसे, नेहमीच्या कुरकुरीचा असे, आणि म्हणूनच आमच्या अंगावर काटा येई. समोर तळ्याचं पाणी उन्हात लकाकत असायचं, धुणी आपटल्याचा आवाज यायचा, आणि अशा उजेडात आम्ही मान खाली घालून बसायचो. तिवईवर कुणी बसायचं नाही, तिला पाय लावायचा नाही, हे आम्हांला कुणी शिकवलं नव्हतं.

एकदा इंदूरकडचे कुणी इन्स्पेक्टर साहेब मंडळ बघायला आले. देह अवाढव्य. दमले होते, म्हणून ते सरळ तिवईवरच टेकले. मास्तर हात जोडून अदबीनं म्हणाले, "साहेब, तिथं बसली आहे ती." साहेब ताडकन उठले, तिवईकडे वळून "माफ करना" म्हणाले आणि तिच्याकडे पाठ न करता ओसरीबाहेर गेले. शेरा काय लिहिला ठाऊक नाही. पुन्हा काही कुणी तपासायला आलं नाही.

ती म्हणजे कोण, हे मला आईकडून कळलं. मास्तरीणबाई हळदीकुंकवाला आल्या होत्या तेव्हा त्या आईपाशी बोलल्या होत्या. त्यांची एकुलती मुलगी देवासच्या साथीत गेली होती. बापानं सगळ्या देवासची चित्रं काढली, दरबाऱ्यांची काढली, शेजाऱ्यांच्या गाईची काढली. पोर तिवईवर बसून रोज म्हणे, माझं काढा. पण तिला घडीभर स्थिर बसवत नसे, आणि मास्तर म्हणत, मोठी हो, नीट बसायला लाग, मग काढतो. ती गेल्यावर बाईंनी चित्र मागितलं, तेव्हा मास्तर कागद घेऊन बसले. गावातले सगळे चेहरे त्यांना पाठ होते. हाच एक तेवढा हाताला येईना. आता बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. डोळे पुरते मिटायच्या आत लेकीचं तोंड एकदा बघायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

हे कळल्यावर मला मास्तरांची भीती वाटेनाशी झाली आणि तिवईची जास्त वाटू लागली. एका रविवारी धीर करून मी विचारलं की मास्तर, तुम्हीच का काढत नाही. त्यांनी हातातली कणीक मळत मळत सांगितलं, "काय नाही ते कळतं रे मला. काय आहे ते कळत नाही. म्हणून तुम्ही काढा, मी पुसतो."

मग आम्ही मन लावून काढू लागलो. पुसून पुसून सगळ्यांच्या कागदांवर हळूहळू एकच मुलगी येऊ लागली. गोल तोंड, बारीक हनुवटी, कानांपुढे सुटलेले केस. आता यात जादू कसली, पुसणारा हात एकच होता, असं मी आजही स्वतःला बजावतो. पण आमच्यात दगडू म्हणून एक शिंप्याचा पोरगा होता. चित्रकलेत इतका कच्चा, की त्यानं काढलेला घोडा आम्ही माठ म्हणून ओळखत असू. पुढे एका रविवारी तो कधी नव्हे तो गप्प बसून काढत होता. मास्तर त्याच्यामागे आले, कणीक पुढे नेली आणि हात तसाच राहिला. कागदावर तीच मुलगी होती, पण तिची डावी भिवई मध्येच तुटलेली होती.

"हे कुणी सांगितलं तुला?"

दगडू बावरला. म्हणाला, "कोणी नाही, मास्तर. मला तर तिथं अशीच दिसते ती."

मास्तरांनी कणीक खाली ठेवली आणि तुटक तुटक सांगितलं. याच तिवईवर चुळबुळ करता करता ती एकदा पडली होती आणि कडेनं भिवई फुटली होती. ते स्वतःही विसरले होते. त्याआधी त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि बाईंनी माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं, हे मी नंतर विचारून घेतलं. त्या ओसरीत तेव्हा कुणीही तिवईकडे पाहिलं नाही. मी तर नाहीच.

मास्तर तो कागद दोन्ही हातांवर आडवा धरून घराकडे निघाले आणि आम्ही सगळे मागून. मास्तरीणबाई अंगणात शेंगा सोलत होत्या. त्यांना उन्हात बसवून मास्तरांनी कागद समोर धरला. बाईंनी तो डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. डोळ्यांनी भागेना म्हणून बोट भिवईवर ठेवलं, मग गालावरून, केसांवरून फिरवलं. कोळसा कच्चा. बोटाबरोबर तोंड विस्कटत गेलं. मास्तरांनी त्यांचा हात धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला. काळं झालेलं बोट बघत बाई हसल्या, मग रडल्या.

"हीच," त्या म्हणाल्या. "अजून स्थिर बसत नाही कार्टी."

पुढच्या रविवारी ओसरीत तिवई होती, पण तिच्यावर पितळेचा तांब्या ठेवलेला होता. आम्ही तांब्याचं चित्र काढलं. मास्तर मागून फिरले, काही पुसलं नाही. सवयीनं तिवईकडे पाहून तोंड उघडलं आणि मिटलं. तांब्याला काय सांगणार. आम्हांलाही करमेना. ज्या पोरीला आम्ही इतके भ्यालो, तिची अशी वाट पाहावी लागेल असं वाटलं नव्हतं. मासेही त्या दिवशी उपाशी राहिले.

मास्तर गेले, बाई गेल्या. धर्मशाळेची ती ओसरी आहे की नाही, मला माहीत नाही. मी अजून कधीमधी चिंचेच्या काड्या भाजतो आणि नातीला समोर बसवतो. ती सारखी हलते, पाय झुलवते, मध्येच उठून पळते. ओठांवर मास्तरांचं ते "हलू नकोस ना, पोरी" येतं. मी ते गिळतो आणि जशी दिसेल तशी तिला काढून घेतो.