पेटी तिची, वारा माझा

मुलांनो, धाकट्या आजीने पाठवलेला तालमीचा व्हिडिओ पाहून तुम्ही विचारलंत, "आजी, ती पेटी वाजवतेय आणि तू शेजारी हात मांडीवर ठेवून का बसलीस?" तिच्याकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐका, म्हणून आजच लिहिते आहे.

ती पायपेटी आमच्या सासूबाईंची. पायांनी भाता दाबायचा, तेव्हा सूर निघतात. आम्ही दोघी जावा तिच्यावरच शिकलो. पण वाटणीच्या वेळी सासूबाई मला म्हणाल्या, "तुला शाळा आहे, वह्या तपासायच्या असतात. पेटी धाकटीला राहू दे." ते मला अजून लागतं.

आता इथली काही तरुण मंडळी जुनी नाट्यपदं जुन्याच पद्धतीने सादर करतात. माइक नाही, साथीला सारंगी, तबला आणि ही पायपेटी. धाकटी त्यांची फार लाडकी. पेपरात तिचा फोटो येतो. मी तो पेपर नीट घडी घालून रद्दीत ठेवते.

यंदा तिचा गुडघा धरला. मंडळींनी कीबोर्ड आणायचं ठरवलं. मला विचारावं, असं कोणाच्या मनातही आलं नाही. मग एके दिवशी तीच लंगडत कसबा बावड्याला माझ्याकडे आली.

"अक्का, बोटं माझी, पाय तुमचं. चालंल न्हवं?"

"म्हणजे भाता मी मारायचा आणि टाळ्या तू घ्यायच्या?"

"मग? सासूबाईंनी पेटी मला दिलिया की!"

फार झोंबलं. तरी गेले. त्या पेटीपाशी बसायला दुसरी वाट नव्हती.

प्रयोगाच्या दिवशी जुन्या रीतीप्रमाणे आम्ही रंगमंचाखाली, प्रेक्षकांकडे पाठ करून बसलो. गाणारा मुलगा वरून सारखा तिच्याकडे बघत होता. 'वन्स मोअर' आला. पाय थांबवावेत, असं फार वाटलं. निदान त्याने माझ्याकडे पाहिलं तरी असतं. पण सूर पडला असता, तर पुढच्या वेळी कीबोर्ड आला असता आणि मीही घरी बसले असते. मी आणखी जोर लावला.

नंतर तो तिच्या पाया पडला. ती म्हणाली, "आरं, वारा अक्कांचा हाय. त्यांच्या पाया पड की!" एवढा मोठेपणा तिला परवडतो, याचाच मला राग आला.

तिचा गुडघा तसाच आहे. पेटी तिच्याच घरी आहे. काही पट्ट्या मुक्या झाल्या आहेत, बाकीच्या वाजतात. भाता मी मारते.