शाळेची मागची भिंत

वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका दोनखोली शाळेत मी शिक्षिका म्हणून नऊ वर्षं काढली. तिथं चौथीत एक मुलगी होती. घर शाळेला लागूनच, तरी रोज उशिरा यायची. फ्रॉकच्या ओच्यात साली, खडे, पळसाची फुलं, असलं काहीबाही असायचं.

"कुठं होतीस?" मी विचारायचे.

"बाई, वरल्या खडकाखाली झरा हाय. उन्हाळ्यातबी आटत न्हाई."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई. रोज जाऊन बघती म्या."

मी तिला उभं करून बाराचा पाढा म्हणायला लावायचे. तो तिला यायचा नाही. मुलं हसायची, आणि मी त्यांना हसू द्यायचे.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मागच्या बाजूला गेले, तर अख्खी भिंत रंगलेली. तांबडी माती, कोळसा, हळद, पळसाचा केशरी रंग. काडी चावून केलेला कुंचला हातात घेऊन ती रचलेल्या दगडांवर उभी होती. भिंतीवर तिचा डोंगर होता. खेकड्यांची बिळं, आग्यामोहळाचा कडा, तो झरा, आणि सगळ्यांना जोडणाऱ्या वाटा. एक वाट मधेच संपली होती.

"ही कुठं जाते?"

"म्हाईत न्हाई अजून. म्हनून अर्धीच काढलीया."

ती भिंत मला आवडली होती. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आवडली म्हणूनच राग जास्त आला. नऊ वर्षांत मी एसटीच्या थांब्यापासून शाळेपर्यंतची वाट सोडून एकदाही दुसरीकडं वळले नव्हते.

मंगळवारी तपासणी होती. पुढच्या भिंतींवर पेंटरकडून सुविचार लिहून घेतले होते. सोमवारी मी तिच्या हातात चुन्याची बादली दिली.

"तूच घाण केलीस, तूच पूस."

ती रडली नाही. खालून सुरुवात करून हात पोचेल तिथपर्यंत तिनं चुना मारला. दगडांवर बादली ठरेना, म्हणून वरचा भाग मी स्टुलावर चढून पुसला.

मंगळवारी साहेब आले, चहा प्याले, रजिस्टरवर सह्या करून गेले. शाळेच्या मागं कुणी फिरकलंसुद्धा नाही.

त्यानंतर ती वेळेवर यायला लागली. ओचा रिकामा. महिन्याभरात बाराचा पाढा पाठ झाला. प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, 'वर्तनात चांगली सुधारणा.'

याला वीसएक वर्षं झाली. गेल्या वर्षी भोरला आमचं प्रशिक्षण होतं. विषय मुलांचं कुतूहल. शिकवायला आलेला तरुण तळमळीनं सांगत होता, मुलांना भटकू द्या, शोधू द्या, नवं काही सुचतं ते त्यातूनच. मग प्रत्येकानं आपला एक अनुभव सांगायचा होता. माझी पाळी आली. मी त्या भिंतीबद्दल बोलले. रंग कसे केले, काडी कशी चावली, सगळं खरं सांगितलं. फक्त शेवटी म्हणाले, "तपासणी होती, पण मी भिंतीला हात लावू दिला नाही. साहेबांना मुद्दाम मागं नेऊन दाखवली."

टाळ्या पडल्या. दोघीतिघींनी वहीत लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी शिवऱ्याच्या फाट्यावर मी भोरची एसटी बघत उभी होते. चहाच्या टपरीतून एक बाई आली आणि पाया पडली.

"वळखलं का बाई?"

डोळ्यांवरून ओळखलं. तिनं बसायला खुर्ची दिली, चहा दिला. मला राहवलं नाही.

"शाळेची मागची भिंत आठवते तुला?"

"कंची भिंत?" तिनं खरंच आठवायचा प्रयत्न केला. "न्हाई बा. पर तुमी लई चांगलं वळण लावलं. न्हाईतर म्या लई वांड व्हते म्हनं. आई आजून तुमचं नाव काढती."

तिनं माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. मला तिची क्षमा मागायची होती, पण कशाबद्दल ते तिलाच आधी सांगावं लागलं असतं. गाडी आली, मी चढले.

पुढच्या गटाला अनुभव सांगायला मला पुन्हा बोलावलं. मी गेले. आता तीन गटांना सांगून झालंय. दर वेळी त्यात थोडी भर पडते. मागच्या वेळी तर भिंत बघून गोष्टीतल्या साहेबांचे डोळे पाणावले. माझ्या मनानं रचलेलं असं माझ्याजवळ तेवढंच आहे.